बोटाखालचं वाक्य

पहिलीतल्या मुलाची दुरेघी वही उघडून बघा. 'मी शाळेत जातो' हे वाक्य दहा वेळा लिहून आणायचं होतं, आणि ते आणलेलंही आहे. लांबून पान नेटकं दिसतं. जवळून पाहिलं की कळतं, डाव्या कडेला दहा 'मी' रेशनच्या रांगेसारखे एकाखाली एक उभे आहेत. शेजारी दहा 'शाळेत'; त्यातल्या सहाव्याची मात्रा गळली आणि तिथून खाली सगळीकडे 'शाळत'. शेवटी दहा 'जातो', पानाच्या कडेला चेपून बसलेले. मुलाने वाक्य दहा वेळा लिहिलेलंच नाही, त्याने तीन रकाने भरलेत. यात लबाडी नाही. कंटाळवाणं काम लवकर उरकायची वाट मोठी माणसंही शोधतात. गफलत त्या कामातच आहे. वाक्य लिहिणं म्हणजे त्याचं शेपूट मनात घट्ट धरून ठेवायचं आणि तेवढ्यात हाताने त्याचं डोकं कागदावर काढायचं. सहा वर्षांच्या जिवाला ही कसरत खरोखर जड जाते, आणि रकाने भरताना ती एकदाही करावी लागत नाही. तेच वाक्य तीनदाच लिहायला द्या, पण दर वेळी वरची ओळ पट्टीने झाकून. मनातून उतरलेली तीन वाक्यं दहा नकलांना भारी पडतात.

ठाणे–नवी मुंबईकडच्या घरांत याला वेळ कुठला, हाही प्रश्न आहेच. आठ-साडेआठला लोकलमधून उतरून आलेलं माणूस, गॅसवर कुकर, आणि त्याच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये 'चल, आण बघू वही'. दमलेल्या मुलाच्या आणि दमलेल्या पालकाच्या मध्ये वही ठेवली की भांडण ठरलेलं. त्यापेक्षा दुपारी झोपून उठल्यावर आजी-आजोबांसोबत पंधरा मिनिटं, नाहीतर सकाळी दूध पिताना दहा. पंधराच्या वर जाऊ नये. सोळाव्या मिनिटाला मूल जे शिकतं ती टाळाटाळ असते. आठवड्याचे पाच दिवस पुरतात.

बहुतेक मुलं वाक्यापाशी येतात तेव्हा त्यांची बाराखडी पाठ झालेली असते. पण पाठ असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. तपासायला अर्धं मिनिट लागतं. 'क'ची ओळ लिहा आणि बोट आधी 'कौ'वर ठेवा, मग 'कि'वर, मग 'के'वर. जे मूल ओठ हलवत 'क का कि की' करत पहिल्यापासून तिथवर चालत येतं, त्याला गाणं येतंय, अक्षर अजून यायचंय. हीच गत 'क ला काना का'ची. लिहिताना त्याचा उपयोग होतो, कारण हाताला पुढची खूण सांगितली जाते. वाचताना तेच ओझं होतं. 'गाडी' वाचायला मूल म्हणतं, 'ग ला काना गा, ड ला दुसरी वेलांटी डी'. दोन अक्षरांसाठी नऊ शब्द! चार शब्दांचं वाक्य असं वाचत शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीला कोण होतं, कुत्रा की काका, हे कुणाला आठवणार? म्हणून वाचताना काना-वेलांटीची नावं घेऊच नयेत. 'गा' दिसलं की 'गा'. अडलं तर पाच सेकंद गप्प राहायचं, मनातल्या मनात पाच आकडे मोजून, आणि मग अक्षर सांगून टाकायचं. त्याहून जास्त ताणलं की मूल पुस्तकाकडे बघायचं सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागतं.

चिन्हांचा क्रमही बाराखडीचाच हवा असं नाही. आधी काना, मग दुसरी वेलांटी, मग मात्रा आणि काना-मात्रा. ही सगळी अक्षराच्या उजवीकडे किंवा डोक्यावर बसतात आणि उच्चाराच्याच क्रमाने येतात. उकार त्यानंतर. पहिली वेलांटी मात्र उशिरा, कारण ती एकटीच उलटी चालते: तोंडात आधी 'द' येतो, मग 'इ', आणि कागदावर आधी वेलांटी, मग 'द'. 'दिवा' लिहायला सांगितल्यावर 'दीवा' आलं तर ते ऱ्हस्व-दीर्घाचं अज्ञान नसतं. कानाने सांगितलेल्या क्रमाशी हात प्रामाणिक राहिलेला असतो, इतकंच.

दुसरी एक अडचण आहे, जी मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी उपवन तलाव आहे. मूल पाटी वाचतं: उ-प-व-न. चारही अक्षरं बरोबर, प्रत्येकात 'अ' पुरता भरलेला, आणि तरी शब्द ओळखू येत नाही. कारण आपण म्हणतो 'उप्-वन्'. मराठीत लिहिलेला प्रत्येक 'अ' आपण उच्चारत नाही; शब्दाच्या शेवटचा गिळतो, मधला पुष्कळदा गिळतो. सरबताचं 'सर्बत' होतं, घोडबंदरचं 'घोड्बंदर'. हा नियम सहा वर्षांच्या मुलाला समजावत बसू नये. बोट अक्षराअक्षरावर टोचायचं नाही, शब्दाखालून सरकवायचं. एकदा सावकाश, एकदा जरा भरभर, आणि मग टाळी: उप-वन, दोन टाळ्या. तिसऱ्या खेपेला मूल स्वतःच 'अरे, उपवन!' म्हणतं. तो 'अरे' ऐकू आला पाहिजे. अक्षरं जोडून झाल्यावर ओळखीचा शब्द सापडल्याचा तो आवाज असतो. तो येत नसेल तर मूल वाचत नाहीये, नुसता ध्वनी काढतंय.

या भागातल्या मुलांना वाचनाचा एक तयार धडा फुकट मिळतो, तो म्हणजे ठाणे–वाशी लोकल. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. नऊ नावं, सुमारे अर्ध्या तासाचा प्रवास, आणि प्रत्येक स्टेशन यायच्या आधी नाव कानावर पडतं, मग पाटीवर दिसतं. ऐकलेलं आणि छापलेलं इतकं जवळजवळ घरात कुठे मिळत नाही. शिवाय ही नावं जणू कुणी मुद्दाम चढत्या क्रमाने निवडल्यासारखी आहेत. 'ठ' वर्णमालेत बारावं व्यंजन, पण ठाण्यातल्या मुलाला ते बसवर, दुकानांवर सगळीकडे दिसतं, आणि एक आडवी रेघ, एक दांडी, एक गोळा एवढ्यावर काढताही येतं. क, ख, ग यांची वाट बघत त्याला ताटकळत ठेवायचं काही कारण नाही. 'ऐरोली'त शब्दाच्या तोंडाशी आख्खा स्वर. 'रबाळे'त आपला 'ळ'. 'घणसोली'त तो गिळलेला 'अ': घण्-सोली. 'कोपरखैरणे' पहिल्यांदा पाहून मूल घाबरतंच. कागद आडवा धरून आधी 'कोपर' दाखवा, मग 'खैरणे'. लांब शब्द तुकड्यांनी फोडता येतो, हे त्याला या एका पाटीवर समजतं. आणि 'तुर्भे'. इथे र आपली जागा सोडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. मूल वाचतं 'तुभेर', कारण भ आणि त्याची मात्रा ओलांडून झाल्यावरच त्याला वरचा रफार दिसतो. सांगायचं एवढंच: डोक्यावरचा र आधी बोलायचा, मग खालचं अक्षर. नेरुळला गेलात तर आणखी एक गंमत. 'रु'चा उकार खाली नसतो, र च्या कमरेत असतो. खाली शोधून न सापडल्याने 'नेरळ' वाचणारी मुलं पुष्कळ, आणि नेरळ नावाचं स्टेशन कर्जतच्या वाटेवर खरोखर असल्याने त्यांना त्यात काही वावगंही वाटत नाही.

ही नऊ नावं नऊ चिठ्ठ्यांवर लिहून घरी क्रमाने लावायचा खेळ दोन दिवस चालतो. तिसऱ्या दिवशी त्यांची वाक्यं करा, आणि इथे मराठीचा खरा स्वभाव समोर येतो. 'आजी वाशीला राहते.' 'मामा नेरुळला राहतो.' इथवर सोपं. आता 'काका ठाणे राहतो' असं कुठलंही मराठी मूल म्हणणार नाही. ते आपोआप 'ठाण्याला' म्हणतं. तसंच रबाळ्याला, तुर्भ्याला, कोपरखैरण्याला. प्रत्यय लागला की ए-कारान्त नावाचा शेवट बदलतो, हे त्याच्या जिभेला माहीत आहे. हाताला मात्र आता 'ण्या' लिहायचंय, म्हणजे जोडाक्षर! 'आधी साधी अक्षरं, मग काना-मात्रा, मग उकार, आणि जोडाक्षरं वर्षाच्या अखेरीला' हे वेळापत्रक कागदावर छान दिसतं, पण मुलाच्या पहिल्या खऱ्या वाक्यात 'माझ्या', 'आमच्या', 'उद्या' हजर असतात. जोडाक्षरं टाळून केलेली वाक्यं 'मगन, फळ धर' अशा थाटाची होतात; तशी कुठल्याच घरात कुणी बोलत नाही. म्हणून दोन्ही हातांनी काम करावं. अक्षरं आपल्या क्रमाने चालू राहू द्यावीत, आणि आहे, आणि, मी, मला, माझ्या, नाही, होता, झाला असे पंधरा-वीस नेहमीचे शब्द आख्खे, चित्रासारखे ओळखीचे करून द्यावेत. 'माझ्या'तला अर्धा झ पुढे कधीतरी उलगडेल.

आता कागदाच्या पट्टीवरचं वाक्य. या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच, आणि सामान म्हणाल तर एक स्केचपेन, कात्री आणि पाठकोरा कागद. ए-फोर कागदाच्या लांबीने चार पट्ट्या कापल्या की प्रत्येक साधारण तीस सेंटिमीटर लांब आणि पाच रुंद होते. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान जाडसर असल्याने जास्त चांगलं. लग्नपत्रिकेची मागची बाजू आणखी चांगली.

मुलाला विचारायचं, आज काय पाहिलंस? ते म्हणतं, 'कुत्रा गाडीखाली झोपला.' जसंच्या तसं, त्याच्या डोळ्यांसमोर, लिहिता लिहिता बोलत पट्टीवर उतरवायचं. अक्षर दीड-दोन सेंटिमीटर उंच, दोन शब्दांमध्ये दोन बोटांची जागा. 'छान वाक्य सांग' असं म्हणू नये, नाहीतर 'गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे' असं काहीतरी बाहेर पडतं. मुलाने बोललेलंच वाक्य का? तर अर्थ आधीच त्याच्याकडे असतो. वाचताना त्याला फक्त अक्षरांशी झुंजायचं असतं, अर्थाशी नाही. शिवाय आपल्या तोंडचा आवाज कागदावर थांबून राहिलेला बघण्यात त्याला जो नवलाचा धक्का बसतो, तो छापील पाठात बसणं अवघड.

मग पट्टीखाली बोट धरून तीनदा वाचायचं: एकदा आपण, एकदा दोघांनी, एकदा त्याने एकट्याने. त्यानंतर कात्री. कापायचं कुठे हे मुलालाच ठरवू द्या. हीच खरी परीक्षा असते. काही मुलं 'गाडी' आणि 'खाली' वेगळं कापतात. त्यांना वेगळं वाटणं साहजिक आहे. दोन्ही ओळखीचे शब्द आहेत. हिंदीतही 'गाड़ी के नीचे' सुटं लिहितात आणि टीव्हीवर, गल्लीत, इमारतीखाली खेळताना हिंदी सारखी कानावर असते. मराठीत मात्र प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटूनच येतात: आईने, घरात, झाडावर, शाळेसमोर. याला उपाय वरच्या रेघेत आहे. लिहिताना प्रत्येक अक्षराची वेगळी रेघ मारण्याची सवय लागू देऊ नका. आख्खा शब्द लिहून झाला की एकाच हाताने डावीकडून उजवीकडे सलग रेघ. रेघ संपली की शब्द संपला. 'गाडीखाली'वर एक रेघ, एक घर. इंग्रजीत शब्दांमध्ये बोट ठेवून जागा सोडायला शिकवतात. आपल्याकडे हे काम शिरोरेषा करते. रेघ मारताना ध आणि भ यांच्या डोक्यावरची फट तेवढी राखायची, नाहीतर ध चा घ होतो आणि भ चा म. घ-ध आणि भ-म या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत. एक पक्कं होऊ द्यावं, निदान दहा-बारा दिवस, मग दुसरं. शेजारी शेजारी ठेवून 'यातला फरक बघ' म्हटलं की फरक राहतो बाजूला आणि दोन्ही एकमेकांत कायमचे मिसळतात.

तुकडे झाले. आता उलटसुलट करून पुन्हा लावायचे. तीन तुकडे सहा तऱ्हांनी लागतात, आणि गंमत अशी की मराठीत सहाही तऱ्हा बोलता येतात. 'गाडीखाली कुत्रा झोपला' म्हटलं की नजर आधी गाडीखाली जाते. 'झोपला कुत्रा गाडीखाली' गाण्याची ओळ वाटते. 'शब्द योग्य क्रमाने लावा' म्हणून एकच उत्तर बरोबर धरणारे सरावाचे कागद सगळीकडे मिळतात. त्यांत मूल 'गाडीखाली कुत्रा झोपला' लिहून आलं तर फुली मिळते, आणि ती फुली चुकीची असते. मुलाला एवढंच विचारायचं: वाचून बघ, असं आपण बोलतो का? उत्तर त्याचा कान देईल.

यापुढचं पाऊल एका शब्दाच्या अदलाबदलीचं. कोऱ्या तुकड्यावर 'ताई' लिहा आणि 'कुत्रा'च्या जागी ठेवा. 'ताई गाडीखाली झोपला.' मूल हसतं, आधी ताई गाडीखाली म्हणून, आणि मग काहीतरी बिनसलंय म्हणून. 'झोपला'चं 'झोपली' व्हायला हवं, हे ते स्वतः सांगतं, आणि एक काना जाऊन दुसरी वेलांटी आल्याने ताई झाली, हे डोळ्यांना दिसतं. इतक्या स्वस्तात व्याकरण पुन्हा कधी शिकवता येत नाही. मग 'मांजर' ठेवा. आता मूल म्हणतं 'झोपलं', आणि पुस्तकात असतं 'झोपले'. इथे मोठी माणसं गडबडतात. सरळ सांगावं: बोलताना आपण 'झोपलं' म्हणतो, पुस्तकात बऱ्याचदा 'झोपले' छापतात. मुलाच्या स्वतःच्या वाक्यात 'झोपलं' आणि त्यावरचं टिंब राहू द्यावं. आणि वाक्याच्या शेवटचं टिंबही याच वेळी. इंग्रजीतल्यासारखी मोठी लिपी आपल्याकडे नाही, त्यामुळे वाक्य कुठे संपलं हे सांगायला मराठीत तो एवढासा ठिपकाच काय तो असतो. हिंदी शिकणारी मुलं तिथे उभा दंड मारतात. रागावू नका, 'मराठीत टिंब' एवढं म्हणा.

शेवटी तुकडे पालथे घालून वाक्य वहीत आठवणीने लिहायचं, मग तुकडे उलटे करून मुलानेच ताडून बघायचं. संपलं. तुकडे जुन्या पाकिटात, पाकिटावर तारीख. आठवड्याला पाच वाक्यं झाली, की शुक्रवारी सगळी पाकिटं एकत्र ओतून नवी वाक्यं जमवता येतात. महिनाभरात साठ-सत्तर शब्दांची स्वतःची थैली होते, आणि त्यातला एकही शब्द मुलाला परका नसतो. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ मध्ये. बिया, पानं, खडे, शिंपले ही त्यांची साधनं होती. महागड्या पेटीतल्या प्लास्टिकच्या अक्षरांची जाहिरात दिसली की हे आठवावं. ताटलीत तीन-चार मिलिमीटर रवा पसरून त्यात बोटाने 'ण' काढायला काही खर्च येत नाही, आणि चूक झाली तर ताटली हलवली की पान कोरं.

पेन्सिलीविषयी थोडक्यात. टोक वारंवार मोडत असेल किंवा पानाच्या मागे खड्डे उमटत असतील तर हात जास्त दाबतोय; मऊ शिशाची टू-बी पेन्सिल आणि वहीखाली आणखी एक वही ठेवावी. पकड तीन बोटांची, कागद किंचित तिरका, आणि पाय जमिनीला नाहीतर पाटाला टेकलेले. लोंबकळत्या पायांनी अक्षर लोंबकळतं.

चुका कुठल्या आणि किती काढायच्या, यावर घराघरांत वाद असतात. समजा मुलाने लिहिलं: 'मि आइबरोबर तलावावर गेलो आनि आइसक्रिम खाल्ल.' लाल पेन घेऊन बसलात तर पाच-सहा खुणा होतील आणि तलाव वाहून जाईल. आधी पाहावं, प्रत्येक आवाजाला काही ना काही चिन्ह मिळालंय का? मिळालंय, अगदी 'खाल्ल'मधला दुहेरी ल सुद्धा कानाने पकडलाय. म्हणजे मोठं काम झालं. आवाज गळला असेल तर तो पहिला दुरुस्त करायचा, मग चुकलेला काना-मात्रा, आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. एका वाक्यात एकच दुरुस्ती. वरच्या वाक्यात मी 'मी' घेईन, कारण तो रोज लागतो. पहिलीसाठी ऱ्हस्व-दीर्घाचा एकच नियम पुरतो: शब्दाच्या टोकाला दुसरीच वेलांटी, दुसराच उकार. मी, आई, पाणी, लाडू. 'आणि' हा त्यातला लबाड अपवाद. 'दूध' पण 'दुधात', 'फूल' पण 'फुलाला', हे नंतर; ते मोठ्यांनाही नीट जमत नाही, मग त्याच्यावर का चिडायचं? 'आम्बा', 'आनन्द' असं कुणी लिहिलं तर कौतुक करावं. अनुस्वाराच्या पोटात म आहे की न, हे त्याच्या कानाने शोधून काढलंय.

आणखी एक चूक चूक नसतेच. ऐरोली, घणसोली, दिवाळे, करावे इथल्या जुन्या गावांतली आगरी-कोळी घरची मुलं 'पानी' लिहितात, 'डोला' लिहितात, कारण घरात तसंच बोलतात. 'अशुद्ध' म्हणून तिथे रेघ मारली की मूल वाचायचं नव्हे, बोलायचंच बंद होतं. पट्टीवर आधी त्याचं 'पानी' उतरू द्यावं. दुसऱ्या पट्टीवर 'पुस्तकातलं पाणी' लिहावं आणि दोन्ही मोठ्याने वाचावीत. दोन वाक्यं, दोन्ही खरी. ण आणि ळ त्याला दुसऱ्या पट्टीवर भेटतील. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा गुंता निराळा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतली घरी मराठी न बोलणारी मुलंही आता ही लिपी वाचतात, पुष्कळदा हिंदीच्या कानाने. त्यांना 'पैसा'तली दोन मात्रांची खूण 'पॅसा'सारखी ऐकू येते आणि मग मराठीत 'बॅट'वर चंद्र कशाला, हे कळत नाही. अशा मुलांना 'ऐरोली'ची पाटी कामाला येते: ऐ म्हणजे अ-इ. शिवाय ल आणि श. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला, पण फोनवर बहुधा हिंदी वळणाचे दिसतात. पाचवीतला मुलगा ते सहज ओलांडतो. पहिलीतल्याला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. एकदा दाखवून द्यावं, पुरे.

वेगाची घाई नको. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातलं लक्ष्य असं आहे: पहिलीच्या अखेरीला चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्यं वाचता यावीत, दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०, आणि तेही समजून. म्हणजे पहिलीत घड्याळ लावायचंच नाही. वेग हवाच असेल तर रोज नवा उतारा देण्याऐवजी तीस-चाळीस शब्दांचा तोच उतारा तीन-चार दिवस वाचून घ्यावा. अडखळणं कमी झाल्याचं मुलालाच जाणवतं. पुस्तक निवडताना कुठलंही एक पान उघडून वीस शब्द मोजावेत: एखादा अडला तर एकट्याने वाचायला योग्य, दोन अडले तर सोबत बसून, त्याहून जास्त असतील तर ते आपण वाचून दाखवायचं पुस्तक. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर पायरीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी फुकट मिळतात. पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी. एक सावधगिरी: मूल चित्र बघून पान घडाघडा म्हणत असेल तर शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला सांगा. पाठ केलेलं उलटं येत नाही.

समजलं की नाही हे 'समजलं का?' विचारून कधीच कळत नाही, मान हलते. त्यापेक्षा डब्यात आठ-दहा चिठ्ठ्या टाका: 'खिडकी उघड.' 'तीन टाळ्या वाजव.' 'आजोबांचा चष्मा आण.' 'मांजरासारखी ओरड.' चिठ्ठी मनात वाचायची, बोलायचं नाही, फक्त करायचं. चष्म्याऐवजी चप्पल आली तर मूल पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधतंय, हे तिथल्या तिथे दिसतं.

रविवारी पाट्या. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानांची नावं देवनागरी मराठीत, इतर भाषांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लावावी लागतात, त्यामुळे वाचायला खच पडलेला आहे. पण दुकानांच्या पाट्या सोप्या नसतात. 'जनरल स्टोअर्स', 'हेअर ड्रेसर्स' हे मराठी लिपीतलं इंग्रजी, त्यावर वळणदार अक्षरांचा नखरा. निवडून वाचाव्यात. 'मामलेदार मिसळ' बघा, आठ अक्षरं आणि एकही जोडाक्षर नाही. ठाण्यातल्या मुलाला याहून चविष्ट वाचन कुठलं? तलावपाळी, नौपाडा, कळवा, दिवा ही चांगली. 'मुंब्रा' थोडं थांबून. 'येथे गाडी लावू नये' हे तर पूर्ण वाक्य आहे, आणि त्याच्याच खाली लावलेली गाडी पाहून मूल जे काही म्हणेल ते संध्याकाळच्या पट्टीवर जाईल.

पहिली आपणहून लिहिलेली चिठ्ठी कधी येईल सांगता येत नाही. बहुधा ती मागणीची किंवा तक्रारीची असते, आणि फ्रिजवर चुंबकाखाली सापडते. 'आई दुध सपल.' मुलाला हाक मारून शाबासकी देण्यापेक्षा, आणि लाल पेन तर नकोच, खाली उत्तर लिहावं. त्याच आकाराच्या अक्षरात, त्याचेच शब्द परत वापरून, फक्त बरोबर: 'दूध संपलं? उद्या दूध आणते.' आणि चिठ्ठी परत तिथेच, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला.